ओढ कुणाची होती

दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालंय, हे माझ्या लक्षात यायला जवळजवळ वर्ष गेलं. समोरचं स्वच्छ दिसत होतं. सुईत दोरा ओवता येत होता, बसची पाटी वाचता येत होती, मग डोळ्यांवर संशय कशाला घेणार?

तेव्हा मी सिल्व्हासाजवळच्या खडोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होते. जांभळ्या दिव्याखाली रीळ फिरवायचं, तेलाचा डाग, तुटलेला तंतू, रंगातला फरक दिसला की बाजूला काढायचं. सहा वर्षं मी हे काम करत होते आणि माझ्या हातून गेलेला माल सहसा परत येत नसे. मग यायला लागला. सुपरवायझर एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, ध्यान किधर है?" मला रडू आलं, कारण माझं लक्ष तिथेच होतं. रिळाच्या कडेचा डाग मला खरोखरच दिसला नव्हता.

त्याच दिवसांत मी कशावरही आदळायला लागले. मालाची ट्रॉली, दाराची चौकट, आमच्या नरोलीच्या खोल्यांसमोरचा नळाचा खांब. दोन्ही दंडांवर निळे डाग पडले. माझ्या नवऱ्याला भाऊ म्हणणाऱ्या शेजारणीने एक दिवस कपडे वाळत घालताना हळूच विचारलं, "भाऊ मारतात का गं?" मी हसले. ती हसली नाही. तिला माझं पटलं नाही हे मला दिसलं, आणि का कोण जाणे, तिचा राग न येता मला बरं वाटलं. कुणाचं तरी आपल्याकडे लक्ष आहे, एवढंच.

दुसरीही एक गोष्ट होती. ती मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती.

माझी पाळी दोन-अडीच वर्षं आलेली नव्हती. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. धुळ्याकडून सासूबाई आल्या की पाठीमागे काढे आणि पुड्या सोडून जायच्या. रक्त कमी आहे, दिवस-रात्रपाळ्यांच्या नोकरीने अंगात उष्णता वाढलीय, असं ज्याला जे वाटे ते तो सांगे, आणि मी ऐकून घेई. पण याच काळात माझ्या ब्लाऊजला आतून ओल लागायला लागली होती. आधी थेंब, मग दाबलं की धार. दूध. मूल नाही, आणि दूध आहे. मी दोन्हीकडे रुमालाच्या घड्या ठेवून कामाला जायचे आणि जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये त्या बदलायचे. नवऱ्यालाही कळू दिलं नाही. आजार म्हणून मी याकडे पाहिलंच नव्हतं. माझ्या शरीराने माझी चेष्टा मांडलीय, असं मला वाटायचं. चेष्टा कुणाला सांगायची असते का?

सिल्व्हासाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर तपासला, तो ठीक होता. मग त्यांनी मला एका यंत्रासमोर बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कुठेही उजेड चमकला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटण दाबलंच नाही. मला वाटलं, यंत्र बिघडलंय. डॉक्टरांनी कागद बाहेर काढला, आणि एकदम त्यांचा आवाज मऊ झाला. कागदावर दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू काळ्या होत्या. त्यांनी वापीच्या एका हार्मोनच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाले, "उद्याच जा. पुढच्या आठवड्यावर टाकू नका."

त्या डॉक्टर बाई होत्या. गुजराती, पण मुंबईत शिकल्यामुळे मराठी छान बोलायच्या. त्यांनी पाळीचं विचारलं, डोकेदुखीचं विचारलं, आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "दूध येतं?"

नवरा शेजारच्या खुर्चीवर होता. मी म्हटलं, "नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसता?" तो गेल्यावर त्यांनी तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला.

"येतं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"कुणाला सांगितलंय?"

"आत्ता तुम्हाला."

त्यांनी नुसती मान हलवली आणि लिहायला घेतलं. त्यांना जराही धक्का बसला नाही, हे मी बघत होते. ज्या गोष्टीने मी दोन वर्षं मान खाली घालून वावरले होते, तिच्यासाठी त्यांच्याकडे शब्द होता, तपासणी होती, औषध होतं.

रक्त तपासलं, डोक्याचा एमआरआय झाला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यावर गाठ आली होती. कॅन्सरची नव्हती. पण ती दूध आणणारं हार्मोन भरमसाट सोडत होती, त्यामुळे दूध येत होतं आणि पाळी बंद होती. वर वाढून ती डोळ्यांच्या नसांना दाबत होती, त्यामुळे मला कडेचं दिसत नव्हतं. नवऱ्याने विचारलं, "ऑपरेशन?"

"या गाठीला बहुतेक वेळा गोळीच पुरते," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन असतं. या ग्रंथीला तेच आवरून धरतं. ही गोळी त्याच्यासारखंच काम करते. गाठ आकसते. आठवड्यातून दोनदा अर्धी गोळी, बस. पण जेवल्यावर घ्यायची. सुरुवातीला मळमळेल, रक्तदाब उतरून चक्कर येईल, उठताना सावकाश उठायचं." मग चिठ्ठी देता देता म्हणाल्या, "आणि मनात, वागण्यात काही वेगळं वाटलं तर मला सांगायचं."

वेगळं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. बाहेर रांग होती. आणि मला तर तेव्हा सगळंच वेगळं वाटत होतं.

पहिल्या गोळीनंतरच्या सकाळी मी झटकन उठले आणि गॅसच्या ओट्यापाशी कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा नवरा एका हाताने माझ्या तोंडावर पाणी मारत होता आणि दुसऱ्या हाताने दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बंद करत होता. आठवडाभर बसच्या खिडकीपाशी बसून उलटीची पिशवी हातात धरून मी कामाला गेले. पण दहा-बारा दिवसांनी एक संध्याकाळ अशी आली. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी दमणगंगेच्या पुलावरून चालले होते, आणि मला एकदम जाणवलं की पुलाचे दोन्ही कठडे मला एकाच वेळी दिसताहेत. मान न वळवता. डावीकडे कठड्याला टेकलेला माणूस, उजवीकडे पाणी, पाण्यात म्हशी. मी त्याच्या पाठीवर थापा मारत ओरडले, "थांबवा! थांबवा!" त्याला वाटलं, मी पडतेय. पुलापलीकडे त्याने गाडी थांबवली. काय झालं ते मी सांगितलं तेव्हा तो तिथेच रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि त्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं.

तिसऱ्या महिन्यात पाळी आली. दूध आटलं. टेबलावर माझे डोळे पूर्वीसारखे चालायला लागले. आणि बाकी शरीरही, जणू कुणी बंद घराच्या खिडक्या उघडाव्यात तसं, जागं झालं. भूक लागायला लागली. भांडी घासताना मी गुणगुणायचे. नवऱ्याच्या शर्टाचा घामट, प्लॅस्टिकच्या कारखान्याचा वास मला पुन्हा आवडायला लागला. त्या दिवसांत आम्ही दोघं नव्याने लग्न झाल्यासारखे वागत होतो, आणि एकमेकांकडे बघून उगाच हसत होतो. हे इथे लिहिताना संकोच वाटतो, पण पुढच्याशी त्याचा संबंध आहे म्हणून लिहिते. डॉक्टर म्हणाल्या होत्या, ते हार्मोन वाढलं की ही इच्छा मरते, उतरलं की परत येते. म्हणजे परत आली ती माझीच होती. निदान सुरुवातीला.

मग फोनवरून खरेदी सुरू झाली.

पहिल्यांदा घेतला तो एक पडदा. आमच्या खोलीला खिडकी एकच, तिच्या पडद्याचा रंग उडाला होता, म्हणजे घेणं रास्तच होतं. मग दुसरा, कारण तो जास्त छान होता. मग झुमके, कढईची झाकणं, ब्लाऊजपीस, चपला. जेवणाच्या सुट्टीत पूर्वी मी बाथरूममध्ये रुमाल बदलायला जायचे, आता तिथेच फोन घेऊन उभी राहायचे. पार्सल घरच्या पत्त्यावर नाही, कारखान्याच्या गेटवर मागवायचे. वॉचमन हसून म्हणायचा, "बेन, आज पण आलं."

आणि मी ती उघडत नव्हते. हे मला आजही नीट सांगता येत नाही. मला वस्तू नको होती. बोटाने ते एक बटण दाबायच्या आधीचा जो क्षण असतो, छातीत काहीतरी भरून येतं, कान गरम होतात, तो क्षण हवा होता. दाबलं की सगळं संपायचं. मग पुन्हा. टेबलावर रीळ फिरवताना माझी बोटं फोनसाठी वळवळायची. आपण चूक करतोय हे कळत नव्हतं असं नाही. पूर्ण कळत होतं. कळण्याचा आणि हाताचा संबंधच तुटला होता. पार्सलं मी माळ्यावर, जुन्या गोधड्यांच्या मागे कोंबत गेले.

उन्हाळ्यात नवरा कूलर काढायला माळ्यावर चढला. एक एक करून सगळी पार्सलं त्याने खाली ठेवली. शेवटी जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. पैशाचं काय झालं ते मी सांगत बसत नाही. गेले ते गेले, आम्ही दोघं कमावणारे होतो, पुढे सावरलं. त्या दिवशी तो पैशाबद्दल बोललाच नाही. त्याने एक पुडकं उचलून विचारलं, "हे उघडलंही नाहीस. कुणासाठी घेतलंस?"

"बहिणीसाठी."

"तुला बहीण नाही."

मी इतकं बावळट खोटं बोलले, कारण खरं काय ते मलाच माहीत नव्हतं. शपथ घेतली, पुन्हा खरेदी करणार नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी केलं.

पुढच्या भेटीला डॉक्टरांनी डोळ्यांची तपासणी पाहिली, रक्ताचे आकडे पाहिले, खूश झाल्या. मग या वेळी त्यांनी फोड करून विचारलं. "खरेदी, फोनवरचे खेळ, खाणं, शरीराची ओढ. यातलं काही हाताबाहेर गेलंय असं वाटतं?"

मी म्हटलं, "नाही हो." त्याच खुर्चीवर, दुसऱ्यांदा.

नवरा चपलांकडे बघत होता. तो सावकाश म्हणाला, "चार जोड पडदे आहेत, मॅडम. खिडकी एकच आहे."

डॉक्टर हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी त्याला आणि मला दोघांना समजावलं. डोपामाइन मेंदूत एकच काम करत नाही. ते त्या ग्रंथीला आवरतं, हालचालीत लागतं, आणि एखादी गोष्ट हवीशी वाटणं, तिच्यामागे जाणं, हेही तेच चालवतं. गोळी एका दारातून आत जाते, पण सगळ्या खोल्यांतून फिरते. सगळ्यांना असं होत नाही. ज्यांना होतं, ते बहुतेक लपवतात. "हा तुमचा स्वभाव नाही," त्या म्हणाल्या. "हा औषधाचा परिणाम आहे. मी पहिल्याच दिवशी नीट सांगायला हवं होतं." त्यांनी गोळी कमी केली.

हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. बसमध्ये मला फक्त राग येत होता. म्हणजे ते गुणगुणणं, ती भूक, पुलावरचा तो आनंदसुद्धा गोळीचाच का? मग माझं काय होतं? त्या रागात मी गोळी बंदच करून टाकली, कुणाला न सांगता. दोन महिन्यांत डोकं ठणकायला लागलं आणि एक दिवस कामावर ब्लाऊज ओला झाला. वापीला जाऊन मी स्वतःच सगळं कबूल केलं. डॉक्टर रागावल्या. म्हणाल्या, "या गोळीनेच तुम्हाला त्रास दिला आणि ही गोळी तुम्हाला लागतेच. दोन्ही खरं आहे. एक खरं ठरवायला दुसरं खोटं पाडायची गरज नाही. पण यापुढे मला न विचारता बंद करायची नाही."

त्यानंतर आठवड्यातून एकदाच, अर्धी. नजर आणि रक्त जास्त वेळा तपासायचं. एकदा हृदयाची सोनोग्राफीही झाली, कारण जास्त गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत कधी कधी झडपा जाड होतात. माझ्या ठीक होत्या. फोनमधली सगळी दुकानं नवऱ्याने माझ्याच हाताने काढायला लावली आणि सहा महिने मी बटणांचा साधा फोन वापरला. ओढ एका दिवसात गेली नाही. बस सुटून गेल्यावर तिचा आवाज जसा लांबून येत राहतो, तशी हळूहळू विरली. पार्सलं आम्ही वाटून टाकली. पडदे मात्र कुणी घेतले नाहीत.

आमच्या खोल्यांच्या ओळीत हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहिलं असतं.

शेजारणीचे सासरे शिरपूरकडच्या गावाहून मुलाकडे राहायला आले होते. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, बायको वारलेली. उजवा हात सारखा थरथरायचा, आणि उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. फार अदबीचा माणूस. नळावर बायका असल्या तर बादली लांब ठेवून पाठ करून उभे राहायचे. मग सुरतच्या मेंदूच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या गोळ्या सुरू केल्या आणि बाबा बदलले. स्वतःची दाढी स्वतः करायला लागले, नाक्यापर्यंत एकटे जायला लागले. शेजारीण मला कौतुकाने दाखवायची, "बघ, चहाचा कप सांडला नाही."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी खेरडीची एक बाई भाजी घेऊन बसायची. पन्नाशीची, विधवा, रोखठोक. बाबा तिच्याकडून भाजी आणायला लागले. दिवसातून एकदा, मग तीनदा, मग पाच-सहा वेळा. घरात वांग्यांचा ढीग साठला. मग त्यांनी केस काळे केले. मग तिला निरोप पाठवला, मला तुझ्याशी लग्न करायचंय. तिने हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप, तिसऱ्या दिवशी बांगड्या. शेवटी तर ते तिच्या टोपल्यांशेजारी जाऊन बसायला लागले, उठवलं तरी उठेनात. नळावर बायकांकडे टक लावून बघायला लागले. गल्ली हसली, मग चिडली. खोल्यांच्या मालकाने मुलाला बोलावून सुनावलं.

एका दुपारी शेजारीण माझ्याकडे आली आणि दारातच बसून रडायला लागली. आदल्या दिवशी तिच्या नवऱ्याने बापावर हात उगारला होता. येत्या रविवारी त्यांना गावी सोडून यायचं ठरलं होतं. गावात घर बंद, जवळचं कुणी नाही. "म्हातारचळ लागलाय गं त्यांना," ती म्हणाली. "जन्मभर देवासारखा माणूस. आता तोंड दाखवायची सोय ठेवली नाही."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं बाजूला ठेवलं. मी विचारलं, "हे कधीपासून?"

"सहा-सात महिने."

"आणि गोळ्या कधीपासून?"

ती म्हणाली, "त्याचा काय संबंध?"

संबंध सांगायचा तर माझं सांगावं लागणार होतं. गाठ सांगणं सोपं होतं. पण दूध, पार्सलं, खोटं बोलणं? ही मनाने वाईट नव्हती, पण नळावर तिच्या तोंडात काही राहायचं नाही. मी गॅस बंद केला, हात धुतले. मनात आलं, गोळ्यांचे कागद डॉक्टरांना दाखव, एवढंच सांगून मोकळं व्हावं. पण एवढ्यावर तिने किंवा तिच्या नवऱ्याने काहीच केलं नसतं, हे मला ठाऊक होतं. म्हातारचळ या शब्दात सगळं बसत होतं, मग कोण कशाला सुरत गाठेल?

मी ट्रंकेतून पडदे काढले आणि तिच्यासमोर ठेवले. कोरे, अजून प्लॅस्टिकमध्ये. आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

ती पडद्यांवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, "तू? तू तर शाळेतल्या बाईंसारखी वागतेस."

"तेच तर सांगतेय. बाबाही तसेच होते ना?"

संध्याकाळी तिच्या नवऱ्याला माझ्या नवऱ्याने आमच्याकडे बोलावलं. तो ऐकून फिसकन हसला. "म्हणजे बाईच्या मागे लागायची गोळी असते का, भाऊ? मग बाजारात रांग लागेल." माझ्या नवऱ्याने त्याला हसू दिलं. मग म्हणाला, "मी हिला खोटारडी समजलो होतो. दोन महिने हिच्याशी धड बोललो नाही. तू निदान हात उगारायच्या आधी विचारून तर बघ." मग तो हसला नाही.

त्यांनी सुरतला फोन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं आहे, उद्या घेऊन या. बाबांच्या गोळ्यांतली एक माझ्या गोळीच्याच जातीची निघाली. नाव वेगळं, ताकद बरीच जास्त. ती टप्प्याटप्प्याने कमी करून बंद केली, दुसऱ्या प्रकारची गोळी वाढवली. त्या उतरत्या दिवसांत बाबा फार हैराण झाले. घाम यायचा, उगाच भीती वाटायची, जेवायचे नाहीत. रविवारची गावची गाडी मात्र टळली. दोन-तीन महिन्यांनी निरोप थांबले, नळावर पुन्हा पाठ करून उभे राहणं सुरू झालं. पण हातही पुन्हा थरथरायला लागला, पहिल्याइतका नाही, आणि उंबऱ्यापाशी पाय अडकायला लागले. एकासाठी दुसरं काहीतरी सोडावंच लागलं.

बरे झाल्यावर बाबा घराबाहेरच पडेनात. काय काय केलं ते त्यांना सगळं आठवत होतं, हाच खरा त्रास होता. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. "पोरी, त्या बाईची माफी मागायचीय. एकट्याने जमणार नाही. येतेस?"

आम्ही गेलो. भाजीवाली मेथीच्या जुड्या रचत होती. बाबा हात जोडून उभे राहिले, आणि ते जोडलेले हातही थरथरत होते. "बाई, माझं चुकलं. औषधाने डोकं फिरलं होतं."

तिने वर पाहिलं. "बाबा, निरोप पाठवला त्यात काही वाईट नव्हतं. मी नाही म्हटल्यावर रोज पाठवला, ते वाईट." मग पिशवी मागून घेऊन त्यात एक जुडी टाकली. "आता दिवसातून एकदाच यायचं. वांगी नेऊ नका, सून ओरडते."

परत येताना बाबा वाटेतल्या ओट्यावर बसले. दम लागला होता. मग म्हणाले, "सूनबाईने मला तुझं सांगितलं. रागावू नको तिच्यावर."

"नाही रागवत."

"मग तुला विचारतो, कारण दुसऱ्या कुणाला कळणार नाही. तो सगळा वेडेपणा गोळीचा होता, मान्य. पण बायको जाऊन अकरा वर्षं झाली, पोरी. कुणाशी बोलावंसं वाटणं, तेही गोळीचंच होतं का?"

मला पुलावरची ती संध्याकाळ आठवली नाही, की डॉक्टरांचं 'दोन्ही खरं आहे' हे वाक्य आठवलं नाही. मी जे मला वाटत होतं ते सांगितलं. "नाही, बाबा. ते तुमचं होतं. गोळीने फक्त त्याचे ब्रेक काढून घेतले."

ड्रायव्हरला हे पटलं असावं. त्यांनी मान हलवली.

माझी अर्धी गोळी चालू आहे. गाठ खूप लहान झालीय. मूल अजून नाही. डॉक्टर म्हणतात, होऊ शकेल, दिवस राहिले तर गोळी थांबवून नजरेवर लक्ष ठेवावं लागेल. आम्ही त्याबद्दल आता शांतपणे बोलू शकतो. शेजारणीने नळावर माझं सगळं सांगितलं, अगदी दुधासकट. आठवडाभर बायका माझ्याकडे चोरून बघत होत्या. मग पलीकडच्या ओळीतली, नुकतं लग्न झालेली एक मुलगी दुपारी माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि आत यायचं सोडून पदराशी चाळा करू लागली. मी तिला पाणी दिलं, तिच्या नवऱ्याचा विषयही काढला नाही, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "पाळी येते ना गं?"

ती नाही म्हणाली. पुढच्या बुधवारी मी सुट्टी टाकली आणि तिला घेऊन वापीला गेले.